घर कुणाचं, हे आधी ठरवा



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत, तिचा थोडा गैरफायदा घेतो आहे. नाटकावरच्या व्याख्यानात नाटककार येतो, नट तर येतोच येतो. नेपथ्य आणि वेशभूषा यांची पाळी येते ती वेळ संपत आल्यावर, आभाराच्या दोन ओळींत. आज सुरुवात तिथूनच करू. एखादं कौटुंबिक नाटक करायचं ठरलं आहे, संहिता हातात आहे, तालमी अजून सुरू व्हायच्या आहेत. या घडीला दिग्दर्शकानं पहिल्यांदा काय ठरवायचं? नट कोण? सेट कसा? साड्या कुठल्या? माझं म्हणणं असं की यांपैकी काहीच नाही. आधी ठरवायचं ते एवढंच: हे घर कुणाचं, आणि या घरात कोण कुठे बसू शकतं? याचं उत्तर हाती असलं की नेपथ्य, कपडे आणि पात्रयोजना त्यातून निघत जातात. ते नसलं तर तिन्ही खाती आपापलं काम चोख करतात, तीन दिशांना जातात, आणि प्रेक्षक घरी जाताना म्हणतो, सगळं छान होतं हो, पण नाटक काही बसलं नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. नाव असलेला एक नट मिळतो. त्याच्या तारखा मिळतात. त्या तारखांत बसणारे बाकीचे नट शोधले जातात. नेपथ्यकाराला सांगितलं जातं की सेट एका टेम्पोत मावला पाहिजे आणि दुपारच्या प्रयोगाआधी दोन तासांत लागला पाहिजे. कपड्यांची खरेदी रंगीत तालमीच्या आठवड्यात होते, तीही बहुधा नायिकेच्या आवडीनं. या क्रमात वाईट हेतू कुणाचाच नाही. पण या क्रमानं गेलं की रंगमंचावर घर येत नाही, दिवाणखाना येतो. मधोमध सोफा, डावीकडे माडीवर जाणारा जिना, उजवीकडे आत जाणारं दार, कोपऱ्यात फोन. मराठी रंगभूमीनं हा दिवाणखाना इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिला आहे की एका नाटकाचा सेट दुसऱ्याला लावला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. त्या सोफ्यावर कुणीही बसतं. सासरे बसतात, जावई बसतो, मोलकरणीशी बोलायला आलेला दूधवालाही टेकतो. ज्या जागेवर कुणीही बसू शकतं, त्या जागेवरून भांडण कसं होणार? आणि कौटुंबिक नाटकात जागेवरूनच तर भांडण असतं!

हा दिवाणखाना एके काळी क्रांती होता, हेही सांगितलं पाहिजे. रंगवलेले पडदे सोडून, दारं-खिडक्या असलेली खरी खोली रंगमंचावर उभी करायची, हा आग्रह १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं श्री. वि. वर्तकांच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये धरला. नाटक नॉर्वेच्या ब्योर्नसनच्या नाटकावरून घेतलेलं. पण त्याचं घर मराठी होतं आणि त्यातल्या बायकांची कामं बायकांनी केली. या दोन गोष्टी एकाच नाटकात आल्या याला मी योगायोग मानत नाही. पडद्यावर रंगवलेल्या महालासमोर पुरुषानं साडी नेसून उभं राहिलेलं चालून जातं, किंबहुना शोभून दिसतं. पण दाराची खरी चौकट आली, चौकटीला टेकून ऐकत उभी राहणारी मुलगी आली, की तिथे सजलेला पुरुष खोटा वाटू लागतो. म्हणजे नेपथ्य बदललं तशी पात्रयोजनाही बदलावी लागली. तीन खाती एकमेकांना बांधलेली आहेत याचा आपल्याकडचा हा लखलखीत पुरावा आहे. दुर्दैव एवढंच की खोलीचा शोध लागल्यावर आपण खोलीपाशीच थांबलो. ती खोली कुणाची, हा पुढचा प्रश्न बराच काळ विचारलाच गेला नाही.

तो ज्या नाटकात विचारल्याशिवाय पानही हलत नाही, असं एक नाटक आज मी उदाहरणाला घेतो. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आलं. विदर्भातल्या धरणगावचं देशपांडे घराणं. घरातले कर्ते तात्याजी गेले आहेत. थोरला भास्कर आणि त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, वाडा सांभाळतात. सुधीर मुंबईला नोकरीवर, त्याची बायको अंजली मुंबईची आणि तीही कोकणस्थ. चंदू घरात गड्यासारखा राबतो. प्रभाला शिकायचं होतं, शिकू दिलं नाही. आई आहे. तिच्याही आधीच्या पिढीची दादी आहे. भास्करची मुलं पराग आणि रंजू. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. घरात पैसा नाही, घराण्याचं सोनं तेवढं आहे, आणि तेरावं गावाला शोभेल असं करायचं आहे. कथानक यापुढे मी सांगत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलं असेल. प्रश्न असा की हे नाटक उद्या कुणी नव्यानं करायला घेतलं, तर कागदावर पहिली रेघ कुठे मारावी?

मी म्हणेन, ओसरी आणि माजघर यांच्या मधल्या उंबरठ्यावर. त्या रेषेच्या बाहेर पुरुषांची जागा, आत बायकांची. मग एकेक पात्र घ्या आणि विचारा, हा ती रेषा ओलांडतो का, आणि ओलांडताना थांबतो का? भास्कर थांबणार नाही, कारण आता घर त्याचं आहे. निदान त्याला तसं वाटतं. सुधीर थांबेल. जन्म इथे गेला तरी आता तो पाहुणा झाला आहे, आणि हे त्याच्या आधी त्याच्या पायांना कळलेलं असतं. चंदू दिवसातून पन्नासदा ये-जा करेल, पण बसणार कुठेच नाही. चंदूला बसायची जागा नाही हे एकदा ठरवलं की दिग्दर्शकाला चंदूबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही. प्रभा आतल्या बाजूला, पण बाहेरचं ऐकू येईल अशा ठिकाणी. अंजली कुठे? ती सून आहे म्हणून आतली आणि परकी म्हणून बाहेरची. तिची अडचण अशी की बॅग ठेवायलाही तिला जागा विचारावी लागते. समजा, ओसरीवर बंगई टांगली. विदर्भातला वाडा म्हटला की बंगई आलीच. ती तात्याजींची होती असं धरलं, तर पहिल्या अंकात तिच्यावर कुणी बसायचं नाही आणि दुसऱ्यात कुणी तरी बसायचं. कोण बसतो, केव्हा, आणि तेव्हा बाकीचे काय करतात? हे ठरवणं म्हणजेच नाटक बसवणं. यासाठी चिरेबंदी भिंतही लागत नाही. दोन पायऱ्यांची लेव्हल, एक चौकट आणि चार साखळ्या पुरतात.

ट्रॅक्टरचंही तसंच. तो रंगमंचावर आणावा का? उत्साही मंडळी आणतीलही, पुठ्ठ्याचा करून गंजाचा रंग फासतील. मला ते नको वाटतं. प्रेक्षकाला ट्रॅक्टर दिसायची गरज नाही, पण बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तो टाळून यावं लागतं. विंगेत एक जागा खडूनं आखा आणि तालमीच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना तिला वळसा घालून यायला लावा. पाच नट एकाच जागी एकाच बाजूला वळून आत आले की ट्रॅक्टर तिथे आहे. पाच दिशांनी आले की तो नाहीसा झाला, मग संवादात त्याचा कितीही उल्लेख येवो.

आता कपडे. या घरात सुतक आहे, ही कपडेपटासाठी सर्वांत मोठी सूचना, आणि नेमकी तीच विसरली जाते. प्रत्येक प्रयोगाआधी कपडे इस्त्री करून हँगरला लावायचे ही कपडेपटाची शिस्त, आणि एरवी ती उत्तमच. पण सुतकातल्या घरात दोरीवरून काढलेलं पातळ तसंच नेसतात. कडक इस्त्रीची घडी दिसली की दहा दिवस गेले, घर सावरलं, असा निरोप प्रेक्षकाकडे जातो. ज्यानं अग्नी दिला त्याचं क्षौर झालेलं असतं. मग भास्करच्या डोक्याचं काय करायचं? मालिकेत काम करणारा नट मुंडण करून घेणार नाही, आणि टकलाचा टोप घातला तर पहिल्या तीन रांगांना कपाळावरची कड दिसते. टोपी घालून वेळ मारून नेता येते. पण हा निर्णय नट ठरवण्याआधी घ्यायचा असतो, नंतर नाही. आई नऊवारीत असेल, वहिनी? तिला नऊवारी दिली तर ती सासूच्या पिढीला जाऊन चिकटते, गोल पातळ दिलं तर अंजलीच्या जवळ सरकते. माझा कौल गोल पातळाला, पण सुती, जुनं, आणि पदर सतत दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. अंजलीचा पदर खांद्यावर पिन लावून बसवलेला असू द्या. ती एक पिन काढून ती पदर डोक्यावर घेईपर्यंत जो वेळ जातो, त्यात मुंबई ते धरणगाव हे अंतर दिसतं.

आणि आता सोनं. वहिनी एका रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते, हा या नाटकातला प्रसंग पाहिलेला माणूस विसरत नाही. तो कसा उभा राहतो याकडे जरा बारकाईनं पाहू. पहिली गोष्ट, तोवर रंगमंचावरच्या एकाही बाईच्या अंगावर उठून दिसणारा दागिना नको. एखादीनं हौसेनं झुमके घातले तरी पुढच्या प्रसंगाची भूक तिथेच मरते. दुसरी, साडी तीच राहिली पाहिजे, दिवसभर कामात मळलेली. रेशमी साडीवर चंद्रहार म्हणजे लग्नाचा फोटो. विटक्या सुती पातळावर चंद्रहार म्हणजे ही बाई आणि हे घराणं यांची समोरासमोर गाठ. तिसरी गोष्ट वजनाची. बाजारात भाड्यानं मिळणारे नकली दागिने हलके असतात, हालचालीबरोबर पत्र्यासारखे वाजतात, आणि नटी नकळत मान सरळ ठेवते. खऱ्या सोन्यानं मान खाली येते, गोठ-पाटल्यांनी मनगट जड होतं, हात उचलायला क्षणभर उशीर होतो. नकली दागिन्यांना आतून शिशाची तार किंवा वजनदार मणी जोडले तर हे साधतं. खर्च फार नाही. चौथी गोष्ट प्रकाशाची. कंदिलाच्या उंचीवरून एका बाजूनं पिवळा उजेड आला तर सोनं अंधारातून वर येतं. वरून सगळीकडे सारखा उजेड सोडला तर ते पितळ दिसतं. आणि पाचवी, जी या चारही गोष्टींच्या मुळाशी आहे: वहिनी कोण? तिच्याकडे तोवर कुणी नायिका म्हणून पाहिलेलं नसलं पाहिजे. नाट्यगृहात पाऊल ठेवताच जिच्यासाठी टाळ्या पडतात अशी नटी असली, तर प्रेक्षक पहिल्या प्रवेशापासून तिच्या मोठ्या प्रसंगाची वाट पाहतो, आणि तो आला की फक्त ठरलेला हिशेब पुरा झाल्याचं समाधान मिळतं. ती मोठी नटी असू शकते, असावीच, पण तोवर दिसेनाशी होण्याची तिची तयारी हवी. एका प्रसंगासाठी साडी, दागिना, दिवा आणि नटीची निवड अशा चार खात्यांचे चार निर्णय लागले. हे चौघे एका टेबलाशी बसले नसते तर?

पात्रयोजनेबद्दल आणखी एक. आपण नट निवडतो तो भूमिकेसाठी. कौटुंबिक नाटकात निवड करायची ती नात्यासाठी. भास्कर एकटा निवडता येत नाही. भास्कर, सुधीर आणि चंदू असे तिघे एकत्र निवडायचे, वाचनालाही तिघांना एकत्र बसवायचं. त्यांचे चेहरे जुळले पाहिजेत असा याचा अर्थ नाही; भाऊ एकमेकांसारखे दिसतातच असं कुठे आहे? पण ते एका घरात वाढले आहेत हे त्यांच्या बोलण्यात ऐकू आलं पाहिजे. या नाटकात तर बोली हाच पात्रयोजनेचा अर्धा प्रश्न आहे. ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिली’ हे जिभेवर बसलेला नट आणि ते पाठ केलेला नट यांतला फरक नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहातला प्रेक्षक पहिल्या दोन मिनिटांत ओळखतो, आणि त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. सुधीरचं बोलणं मात्र निसटतं हवं: मुंबईची भाषा वर, आणि भांडण पेटलं की खालून वऱ्हाडी उसळते. हे येत नसलेला सुधीर कितीही देखणा असो, मी घेणार नाही.

इथे आक्षेप येणार, आणि यायलाच हवेत. पहिला व्यवसायाचा. निर्माता म्हणेल, तुमचं सगळं बरोबर, पण बुकिंगच्या खिडकीवर नातं विकलं जात नाही, नाव विकलं जातं. मान्य. व्यावसायिक नाटकाचं पोट प्रयोगावर चालतं, आणि प्रयोग नावावर लागतो. पण मी नाव नको म्हणत नाही. नाव कुठल्या जागी बसवायचं, हे घराचा नकाशा पाहून ठरवा म्हणतो. याच नाटकात नाव भास्करच्या जागी बसलं तर वाडा भास्करचा होतो, आणि तो वाडा त्याचा नसल्याची हळूहळू पटणारी जाणीव अधिक बोचते. तेच नाव सुधीरच्या जागी बसलं तर नाटक ‘शहरातला मुलगा गावी परत येतो’ या ओळखीच्या गोष्टीकडे घसरतं. नट तोच, तारखा त्याच, तिकीट तेवढंच. निर्मात्याचं एक पैशाचं नुकसान नाही. मग हा विचार आधी करायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप वयाचा. घरातलं नातं एवढं महत्त्वाचं तर वय जुळायला नको का? साठीच्या भूमिकेला साठीचाच नट हवा, असं एक मत अधूनमधून ऐकू येतं. आपल्याच रंगभूमीनं ते खोडून काढलं आहे. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आलं तेव्हा त्यातला म्हातारा नायक करणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त म्हातारी नानी विजयाबाईंनी केली तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या, आणि त्यांचे नाना होते माधव वाटवे. म्हातारपण रंगभूषेनं आणता येतं. पण संसाराची जुनी सवय रंगभूषेनं येत नाही: एकानं हात पुढे करायच्या आधी दुसऱ्यानं पाण्याचा तांब्या सरकवणं, तेही न बघता. ते तालमीत, दोघांना मिळून मिळवावं लागतं. म्हणून जोडी आधी, वय नंतर.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तो असा, की तुमचं सगळं म्हणणं वास्तववादी नाटकापुरतं खरं आहे. ओसरी, बंगई, पातळ हे सगळं त्या शैलीचं ओझं आहे. आधुनिक दिग्दर्शक रिकाम्या रंगमंचावर चार ठोकळ्यांत घर उभं करतो, त्याला तुमचा नकाशा कशाला? याला उत्तर म्हणून सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ पाहा. १९७४ चं नाटक. तेही घरातल्या मृत्यूचंच, भाऊरावांच्या. पण भाऊराव मेल्यावर कीर्तन करतात, आणि जुन्याच स्मशानात जळायचं असा हट्ट धरतात. भिंती नाहीत, खोली नाही. तरीही चाळीत शेजारी कुठपर्यंत आत येऊ शकतो, विधवेकडे कुणी किती वेळ पाहायचं, मुलानं कुठे उभं राहायचं, याचे नियम तिथे इतके पक्के आहेत की ते मोडले जाताना हसू फुटतं. नियम ठाऊक नसतील तर मोडल्याचं कळणार कसं? उलट वास्तववादी सेटवर भिंत तरी नटाला सावरून घेते. ठोकळ्यांवर तीही नाही. म्हणजे रंगमंच जितका रिकामा, तितका नकाशा नटांच्या अंगात मुरलेला हवा. आक्षेप घेणाऱ्यांनी माझी बाजूच बळकट केली, असं मी नम्रपणे म्हणतो.

दौऱ्याची अडचण मात्र खरी आहे. दादरचं शिवाजी मंदिर, पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पणजीची कला अकादमी, एकाचीही मापं दुसऱ्याशी जुळत नाहीत. कुठे विंग अरुंद, कुठे खोली जास्त. एका जागी बेतलेली ओसरी दुसऱ्या जागी आक्रसते. म्हणून नेपथ्यकाराला मी एकच विनंती करेन: काय आक्रसलं तरी चालेल आणि काय अजिबात नाही, याची यादी प्रयोगाच्या आधी करून ठेवा. भिंत चार फूट कमी झाली तर बिघडत नाही. उंबरठा आणि बंगई यांच्यातलं अंतर कमी झालं, भास्करपर्यंत पोचायला सुधीरला चार पावलांऐवजी दोनच टाकावी लागली, तर त्या दोघांतला दुरावा तेवढा पुसला गेला.

एलकुंचवारांनी पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहिली आणि हेच घराणं पुढच्या काळात नेलं. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेतर्फे तिन्ही नाटकं सलग सादर केली, प्रेक्षक जवळजवळ दिवसभर एका घराण्याबरोबर बसला. या त्रिनाट्यधारेचं नियोजन हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. एवढंच म्हणतो, की तिथे पहिल्या नाटकाची ओसरी काढताना तिसऱ्या नाटकातली पडझड नेपथ्यकाराच्या डोक्यात असावी लागते, आणि पराग निवडताना त्याचं आजचं उडाणटप्पूपण नव्हे तर दोन नाटकांनंतरचं वय पाहावं लागतं.

शेवटी एक न सुटलेला प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. दादी. तिला धड दिसत नाही, ऐकू येत नाही. ती पुन्हा पुन्हा वेळ विचारते, गेलेल्या मुलाला हाक मारते. तिची खाट कुठे टाकायची? विंगेत टाकली तर ती नुसता आवाज होते, आणि सेटवर जागा वाचते. समोर टाकली तर एका नटीला मोजक्या वाक्यांसाठी अख्खा प्रयोग बसवून ठेवावं लागतं. ज्येष्ठ नटी याला तयार होणं अवघड, आणि तरुण मुलीला पांढरा टोप घालून बसवलं तर बसणं जमत नाही. म्हातारं बसणं बोलण्यापेक्षा कठीण असतं. मी तिला समोर ठेवेन, माजघराकडे जायच्या वाटेवरच, म्हणजे प्रत्येकाला तिच्याजवळून जावं लागेल आणि थांबणार कुणीच नाही. निर्माता म्हणेल, चार वाक्यांसाठी एक नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, कशाला द्यायची, रेकॉर्ड करून वाजवू. पण स्पीकरमधून येणारा आवाज दहा मिनिटांत भिंतीवरच्या घड्याळासारखा होतो, वाजत राहतो आणि कुणाला ऐकू येत नाही. बसलेल्या बाईचं तसं होत नाही. म्हणून माझं मत नाइट द्यावी असं आहे. नेपथ्यकार मंडळी सभागृहात आहेत, त्यांचं मत वेगळं असेल तर ऐकायला आवडेल.  आता प्रश्न घेऊ.